पेशीपासून रोप : पॉलिअमाइन द्रव्यांचें कार्य

खानदेशांतील केळीच्या बागायतदारास ‘टिश्यूचें रोप’ ही वस्तु आतां नवी राहिलेली नाहीं. इसवी सन १९९० नंतरच्या दशकांत ग्रँड नैन जातीचीं हीं रोपें जळगांव जिल्ह्यांत येऊं लागलीं, आणि तेव्हांपासून मुनवे खणून, निवडून, सोलून, औषधांत बुडवून लावण्याच्या जुन्या रीतीस हळूहळू ओहोटी लागली. पांच फूट बाय पांच फूट अंतरानें लागण केली असतां एकरीं १७४२ रोपें लागतात. इतकीं रोपें एका वयाचीं व एका वाढीचीं मिळालीं म्हणजे बाग जवळजवळ एका सुमारास निसवते आणि कापणीही थोडक्या दिवसांत उरकते. हा लाभ उघड आहे. परंतु मुनवा घेतांना त्याचें मातृझाड डोळ्यांनीं पाहतां येत असे. पिशवींतील रोपाची आई कोठें व कशी होती, आणि बाटलींत त्याच्या किती पिढ्या होऊन गेल्या, हें कांहीं त्याच्या पानावर लिहिलेलें नसतें. संबंध वर्षाचें पीक ज्या रोपावर सोंपवावयाचें, त्याच्या पूर्वायुष्याविषयीं आपण बहुधा अंधारांत असतों. बाटलीच्या आंत काय घडतें हें ज्यास थोडेंबहुत ठाऊक आहे, तोच विक्रेत्यास नेमका प्रश्न विचारूं शकतो. म्हणून ह्या लेखांत त्या बाटलीच्या आंत डोकावण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतही विशेषेंकरून पॉलिअमाइन ह्या द्रव्यांचा विचार करावयाचा आहे. कारण पेशीचें रोप होण्याच्या आणीबाणीच्या वेळीं त्यांचें काम मोठें मार्मिक असतें.

वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशींत संबंध झाड होण्याची शक्ति सुप्तावस्थेंत असते, ही कल्पना ऑस्ट्रियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट ह्यानें १९०२ मध्यें मांडली. त्यानें पानांतील पेशी सुट्या करून पोषक द्रावांत पुष्कळ दिवस जिवंत ठेविल्या, पण त्यांपैकीं एकही विभागली नाहीं. जें त्यास साधलें नाहीं तें साधावयास पुढें अर्धशतक लागलें. १९५७ मध्यें अमेरिकेंत स्कूग आणि मिलर ह्या दोघांनीं तंबाखूच्या गाभ्याचे तुकडे घेऊन असें दाखविलें कीं, माध्यमांत ऑक्झिन हें संप्रेरक अधिक असेल तर तुकड्यास मुळें फुटतात, सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब फुटतात, आणि दोहोंचा तोल मधला असेल तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. ह्या आकारहीन गोळ्यास कॅलस म्हणतात. १९६२ मध्यें मुराशिगे व स्कूग ह्यांनीं तंबाखूच्या ऊतींकरितां जें माध्यम सिद्ध केलें, तेंच थोड्या फेरफारानें आज जगभर चालतें. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मग्न, गंधक, लोह व इतर सूक्ष्म द्रव्यें असतात, म्हणजे आपण शेतास जें देतों तेंच, फक्त तोलून मापून व शुद्ध रूपांत. आणि त्याखेरीज लिटरास ३० ग्रॅम साखर. साखर असल्यामुळें बुरशीचा एक कण आंत गेला तरी बाटली नासते. म्हणून तेथें सोंवळ्याचा कडकपणा पाळावा लागतो!

आपल्या प्रांताचा ह्या विद्येशीं संबंध जुना आहे. पुणें येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सागवानाच्या मोठ्या झाडांच्या डोळ्यांपासून ह्या पद्धतीनें रोपें करण्यांत आलीं व तें काम १९८० मध्यें प्रसिद्ध झालें. जो बांबू रानांत कित्येक वर्षांनीं एकदां फुलतो, त्यास त्याच प्रयोगशाळेंत बाटलींतच फुलें आणविलीं, आणि १९९० सालीं ह्या वृत्तानें जगांतील शास्त्रज्ञांचें लक्ष पुण्याकडे वेधलें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ऑक्झिन व सायटोकायनिन ह्यांचा तोल सांभाळूनही कांहीं जातींचे तुकडे कोंब देत नाहींत, अथवा आरंभीं देतात व पुढें थांबतात. म्हणजे ह्या दोन संप्रेरकांखेरीज आणखी कांहीं पेशीच्या आंत असावें, असा तर्क निघाला. ह्या शोधांत जीं द्रव्यें पुढें आलीं त्यांत पॉलिअमाइनें प्रमुख होत. त्यांचीं मुख्य रूपें तीन : पुट्रेसीन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन. नांवें कानांस चमत्कारिक लागतात, आणि त्यांचा जन्मही तसाच चमत्कारिक आहे. स्पर्मीनाचे स्फटिक लेव्हेनहुक ह्या डच सूक्ष्मदर्शककारानें सतराव्या शतकांत पुरुषवीर्यांत पाहिले. पुट्रेसीन हें बर्लिनच्या ब्रीगर ह्यानें १८८५ मध्यें सडलेल्या मांसांतून वेगळें केलें, आणि कुजणें ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास नांव दिलें. इतक्या अमंगळ ठिकाणीं सांपडलेलीं हीं द्रव्यें पुढें गव्हाच्या अंकुरांत, बटाट्यांत, केळीच्या कोंबांत, किंबहुना पाहावें तेथें सर्व सजीवांत सांपडलीं.

रचनेनें तीं साधीं आहेत. कर्बाची एक आंखूड सांखळी व तिच्यावर नत्राच्या गांठी : पुट्रेसीनांत दोन, स्पर्मिडीनांत तीन, स्पर्मीनांत चार. पेशींतील रसांत ह्या गांठींवर धन विद्युद्भार असतो. उलट पेशींतील आनुवंशिक द्रव्य व पेशीचें पातळ आवरण ह्यांवर ऋण भार असतो. त्यामुळें पॉलिअमाइनें त्यांस जाऊन बिलगतात, आवरण स्थिर करितात, आणि पेशी विभागावयाची झाली म्हणजे जीं प्रथिनें नव्यानें घडवावीं लागतात त्यांच्या घडणुकीस साह्य करितात. संप्रेरकें अत्यल्प मात्रेनें काम करितात. पॉलिअमाइनें पेशींत त्यांहून कितीतरी अधिक असतात. म्हणून त्यांस संप्रेरक म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं विद्वानांत वाद झाला. आमच्या मतें शेतकऱ्यास ह्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. संप्रेरक हें मुकादमाच्या हांकेसारखें आणि पॉलिअमाइन हें कामावर हजर असलेल्या हातांसारखें, इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुरे आहे.

ह्या हातांवांचून काम अडतें, हें गाजरावरील प्रयोगांनीं उत्तम रीतीनें सिद्ध झालें. गाजराच्या पेशी टू-फोर-डी घातलेल्या द्रावांत ठेविल्या तर त्या विभागत राहतात पण त्यांस आकार येत नाहीं. (हें तेंच द्रव्य, जें आपण तण मारण्यासाठीं फवारतों, अल्प मात्रेंत तें ऑक्झिनाचें काम करितें.) त्या पेशी टू-फोर-डी नसलेल्या द्रावांत हलविल्या म्हणजे त्यांपासून बीजांतील गर्भासारखे बारीक गर्भ तयार होतात आणि त्यांचीं रोपें होतात. १९७८ मध्यें असें आढळलें कीं, पेशी ह्या दुसऱ्या द्रावांत गेल्या म्हणजे पहिल्या चोवीस तासांतच त्यांतील पुट्रेसीन वाढतें. गर्भ डोळ्यांस दिसण्यापूर्वींच आंत तयारी सुरू झालेली असते. तरीही एखादी गोष्ट दुसरीसोबत घडली म्हणून पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. कोकिळा बोलते त्या वेळीं आंबा मोहरतो, पण कोकिळेनें आंबा मोहरविला असें कोणी म्हणत नाहीं. ही शंका १९८४ च्या प्रयोगानें फिटली. आर्जिनीन ह्या द्रव्यापासून पुट्रेसीन बनण्याची जी वाट आहे, ती बंद करणारें एक रसायन रानगाजराच्या पेशींस दिलें; गर्भांची संख्या पुष्कळ घटली. मग तें रसायन तसेंच ठेवून वरून पुट्रेसीन अथवा स्पर्मिडीन दिलें, तों गर्भ पुन्हां होऊं लागले. वाट बंद करून काम थांबविणें आणि माल बाहेरून आणून तें पुन्हां चालू करणें, ह्याहून स्वच्छ पुरावा दुसरा कोणता असावा?

वनस्पतींत पुट्रेसीन बनण्याच्या वाटा दोन आहेत : एक आर्जिनीनापासून, दुसरी ऑर्निथीनापासून. पुढें पुट्रेसीनाचें स्पर्मिडीन व स्पर्मिडीनाचें स्पर्मीन होतें. ह्या पुढील पायऱ्यांस लागणारा एक घटक मेथिओनीन नांवाच्या द्रव्यापासून निघतो, आणि मौज अशी कीं, त्याच उगमापासून इथिलीन वायुही बनतो. केळीं पिकविण्याच्या खोलींत जो वायु सोडतात तोच हा. एका पाटाचें पाणी दोन वाफ्यांस जावें तसा हा प्रकार आहे : एका बाजूचें दारें धरलें म्हणजे दुसरीकडे पाण्याचा जोर वाढतो. बंद बाटलींत इथिलीन सांचून राहतो, आणि बऱ्याच जातींत तो कोंब फुटण्यास बाधक होतो, पानें पिवळीं पाडतो. म्हणून कांहीं ठिकाणीं माध्यमांत पुट्रेसीनाबरोबर चांदीचा क्षार घालतात. चांदी इथिलीनाचें काम थोपविते. मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत कॉफींत मिसळावयाच्या चिकोरीवर अशा प्रकारचे प्रयोग झाले असून त्यांत कोंबांची वाढ होऊन बाटलींत फुलेंही आलीं. अर्थात् दोन वाफ्यांचा हा दाखला सर्व ठिकाणीं जसाच्या तसा लागू पडत नाहीं. कांहीं वनस्पतींत पाट पुरेसा भरून वाहतो आणि दोन्ही वाफे भिजतात.

आमच्या दृष्टीनें सर्वांत विचार करावयास लावणारें काम भातावरील आहे. दिल्ली विद्यापीठांतील बजाज व राजम ह्यांनीं तें १९९६ मध्यें प्रसिद्ध केलें. भाताचा कॅलस ताजा असतो तोंवर त्यापासून रोपें निघतात. तोच कॅलस महिनोन् महिने एका बाटलींतून दुसरींत हलवीत ठेविला तर तो वाढतो भरघोस, परंतु रोप देण्याचें विसरतो. अशा जुन्या कॅलसांत पॉलिअमाइनांची, विशेषतः पुट्रेसीनाची, मोठी सांठवण झालेली आढळली. स्पर्मिडीनाशीं त्याचें जें प्रमाण असावयास हवें तें पार बिघडलें होतें. पुट्रेसीन बनण्यास आळा घालणारें रसायन देऊन, तसेंच स्पर्मिडीन देऊन, हा तोल सुधारला तेव्हां रोपें पुन्हां निघूं लागलीं. म्हणजे गाजरांत जें द्रव्य थोडें पडल्यानें काम अडलें, तेंच भातांत फार झाल्यानें अडलें. नुसतें ‘पॉलिअमाइन घातलें कीं कोंब आले’ असें सूत्र बांधूं पाहणारा येथें फसतो. तुकडा कोणत्या जातीचा, किती वयाचा, त्यांत आधीं काय सांठलेलें, ह्यावर सर्व अवलंबून आहे. माध्यमांत घालतांनाही मात्रा बेतानेंच असते. पुट्रेसीनाचा क्षार लिटरास १६१ मिलिग्रॅम घातला म्हणजे एक मिलिमोलर होतें, आणि पुष्कळ प्रयोगांत त्याहूनही थोडें पुरतें.

ह्यावरून केळीच्या रोपाविषयीं काय निष्पन्न होतें? प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, व्यापारासाठीं होणारें केळीचें रोप कॅलसापासून नव्हे, तर मुनव्याच्या शेंड्यांतील कोंवळ्या डोळ्यापासून करितात, आणि तेथें मुख्य भार सायटोकायनिनावर असतो. डोळ्यास बगलेचे कोंब फुटतात, ते सुटे करून नव्या बाटलींत ठेवतात, त्यांस पुन्हां कोंब फुटतात. दर फेरीस तीन-चार आठवडे लागतात. एका फेरींत एकाचे तीन झाले असें धरलें, तर आठ फेऱ्यांत एका डोळ्यापासून ६५६१ कोंब होतात. आणखी दोनच फेऱ्या केल्या तर ५९०४९ होतात. शेवटच्या दोन फेऱ्यांनीं माल नऊपट होतो! मोहाची जागा हीच. फेऱ्या वाढत जातील तसतशीं वाणांत न बसणारीं रोपें निघण्याचें प्रमाण वाढतें. ग्रँड नैनच्या कुळांत तीं बहुधा बुटकीं, अथवा जाड, वेडीवांकडीं व डागळलेल्या पानांचीं असतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा सामान्यतः आठांच्या आसपास थांबतात व नवा मुनवा घेऊन पुन्हां आरंभ करितात. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पॉलिअमाइनांचा तोल बिघडणें म्हणजे कोंब देण्याची ताकद कमी होणें. वाण बिघडणें म्हणजे आनुवंशिक गुणांत फेर पडणें. पहिली गोष्ट माध्यम बदलून सुधारतां येते, दुसरी येत नाहीं. बाटलींतील वय वाढलें कीं दोन्हींचा धोका वाढतो, इतकेंच त्यांत साम्य आहे. ज्या प्रयोगशाळेनें औषधें घालून थकलेल्या कोंबांकडून आणखी फेऱ्या काढून घेतल्या, तिनें रोपांची संख्या मिळविली, वाण राखला असें होत नाहीं.

बाटलीच्या बाहेरही पॉलिअमाइनें शेतकऱ्याच्या परिचयाचीं आहेत, फक्त त्यानें त्यांस नांवानें ओळखलेलें नसतें. १९५२ मध्यें रिचर्ड्स व कोलमन ह्यांनीं इंग्लंडांत दाखविलें कीं, पालाश न मिळालेल्या सातूच्या पानांत पुट्रेसीन फार सांठतें. पालाशाचा कण धन भाराचा. तो नसला म्हणजे झाड त्याची जागा धन भाराच्या पुट्रेसीनानें भरून काढूं पाहतें, असा त्याचा एक अर्थ लावतात. ही उसनवारी फार काळ चालत नाहीं. पुट्रेसीन अति झाल्यास पानास इजा होते. केळ ही पालाशाची मोठी भुकेली. तिच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपूं लागल्या म्हणजे आंत हाच व्यवहार चालू असण्याचा संभव आहे, आणि त्यावर उपाय पोटॅशच्या गोणींत आहे, पॉलिअमाइनांत नाहीं.

दुसरें उदाहरण रोगाचें. वर सांगितलेल्या दोन वाटांपैकीं पुष्कळ बुरशा ऑर्निथीनाच्या एकाच वाटेवर अवलंबून असतात. झाडास मात्र दोन्ही मोकळ्या असतात. १९८५ मध्यें राजम, वाइनस्टाइन व गाल्स्टन ह्यांनीं घेवड्याच्या पानांवर तेवढी एक वाट बंद करणारें रसायन फवारलें, तेव्हां तांबेरा आटोक्यांत आला व घेवड्यास अपाय झाला नाहीं. युक्ति सुंदर आहे. पण तांबेऱ्यावरील सर्रास औषध म्हणून तें रसायन शेतांत रूढ झालें नाहीं.

ह्या विषयाला बाजाराची एक बाजू आहे, ती सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. रोपांस पाण्याचा ताण, क्षार अथवा थंडी सोसण्यास पॉलिअमाइनें उपयोगी पडतात असें दाखविणारे प्रयोग पुष्कळ आहेत, आणि बहुतेक कुंड्यांतले अथवा प्रयोगशाळेंतले आहेत. उघड्या शेतांत फवारलेलें पुट्रेसीन पानावरील व मातींतील सूक्ष्म जीव खाऊन टाकतात, व झाडाचे स्वतःचे विकरही त्याचें विघटन करितात. तेव्हां अशा द्रव्याची बाटली घेऊन कोणी बांधावर आला, तर उत्पन्न किती वाढेल हें विचारण्यापूर्वीं तिची नोंदणी पाहावी. २०२१ पासून जैवउत्तेजक म्हणून विकावयाचे पदार्थ केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखालीं आलेले आहेत. नोंदणी असली तरी आधीं चार ओळींवर फवारून शेजारच्या चार ओळी कोऱ्या ठेवाव्या, आणि घडांचें वजन करूनच पुढील पैसा घालावा.

रोपें घेतांना विचारावयाचे प्रश्न आतां सहज सुचतील. मातृझाडाचे मुनवे कोठून आणिले व त्यांची विषाणूंची तपासणी झाली काय, हा पहिला. बाटलींत वाढविल्यानें रोप आपोआप निर्विषाणु होतें, हा समज खोटा आहे. डोळ्याचा अगदीं सूक्ष्म शेंडा काढून विषाणूंतून सुटका करतां येते हें १९५२ मध्यें मोरेल व मार्टिन ह्यांनीं डेलियावर दाखविलें खरें, परंतु व्यापारी कामांत घेतलेला तुकडा त्याहून मोठा असतो, आणि मातृझाडांत पर्णगुच्छ अथवा काकडीचा मोझॅक असला तर तो हजारों रोपांबरोबर हजारों बागांत जातो. ह्या मोझॅकासच खानदेशांत हरण्या म्हणतात. तो मावा किडीबरोबर शेजारच्या वेलवर्गीय पिकांवरूनही येतो. म्हणून निर्दोष रोपें आणूनही बागेंत काकडी, भोपळा लावणाऱ्यानें प्रयोगशाळेस दोष देऊं नये. दुसरा प्रश्न फेऱ्यांचा : किती झाल्या, आणि त्याची नोंद आहे काय? तिसरा रुळविण्याचा. बाटलींतील पानांस वारा व ऊन ठाऊक नसतें, त्यांवरील मेणाचा थर पातळ असतो. सावलीच्या जाळ्याखालीं पिशवींत सहा-आठ आठवडे काढल्याखेरीज रोप शेतांत टिकत नाहीं. पांच-सहा निरोगी पानें, पांढऱ्या मुळांचें भरलेलें जाळें व सरळ जाड बुंधा असलेलें रोप घ्यावें. गादींत जें एकटें बुटकें किंवा पट्टेदार पानांचें दिसेल तें काढून टाकण्याचा हक्क खरेदी करतांनाच बोलून ठेवावा.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ मध्यें टिश्यूच्या रोपांसाठीं प्रमाणपत्राची राष्ट्रीय योजना सुरू केली. तिच्यांत प्रयोगशाळेस मान्यता देतात, मान्य तपासणी केंद्रांत विषाणूंची व वाणशुद्धतेची परीक्षा होते, आणि उत्तीर्ण झालेल्या रोपांच्या प्रत्येक गटास चिठ्ठ्या मिळतात. चिठ्ठी प्रयोगशाळेस नव्हे, त्या गटास असते; मागील वर्षाच्या गटाची चिठ्ठी दाखवून यंदाचीं रोपें दिलीं जात नाहींत ना, हें गटाचा क्रमांक पावतीशीं ताडून पाहावें, आणि दोन्ही कागद बाग कापून होईपर्यंत जपून ठेवावे. बुटकें रोप लागणीनंतर कांहीं महिन्यांनीं उघड होतें, आणि तेव्हां क्रमांकाखेरीज दाद मागण्यास दुसरा आधार नसतो.